जव्हारच्या डोंगरातलं गाऱ्हाणं

रविवारी अकरा वाजायच्या आत घोडपदेवच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर चपलांची रांग लागते. धोंडू राऊळांच्या दारातून निघालेली रांग गॅलरीच्या वळणापर्यंत पोचते. आत बारा बाय दहाची खोली, भिंतीवर टीव्ही, आणि टीव्हीवर ‘खडखडाट’. तीन मित्र, तीन जुन्या गाड्या, आणि दर आठवड्याला एक अशी वाट, जिथं शहाण्यानं गाडी नेऊ नये. कुणाचं चाक ओढ्यात रुततं, कुणाच्या टपावरचा तंबू दरीत जातो, कुणाचा गिअर ऐन चढावर रुसतो. शेवटी तिघंही पोचतात. न पोचून सांगतात कुणाला, पुढचा भाग ठरलेला असतो, असं विकास म्हणतो.

विकास शेजारच्या खोलीतला, माझगावच्या गोदीत वेल्डर. लोखंड तुटलं की कसं दिसतं आणि कापलं की कसं दिसतं, हे त्याला झोपेतही कळतं. मागे एकदा जीपचा अ‍ॅक्सल तुटला तेव्हा त्यानं उठून टीव्हीवर बोट ठेवलं होतं. कड बघा म्हणाला, सरळ आहे, ही ग्राइंडरची कड. तेव्हापासून खोलीत दोन बाजू पडल्या. खिडकीकडची खोट्याची, दाराकडची खऱ्याची. गावाकडे भजनाची डबलबारी रंगते तसा प्रकार. तिथे दोन बुवा समोरासमोर बसतात, एकानं टोला हाणायचा, दुसऱ्यानं तो परतवायचा, आणि ऐकणाऱ्यांनी दोघांनाही दाद द्यायची. इथं हरणाऱ्या बाजूनं सगळ्यांना चहा पाजायचा, एवढाच नियम.

खोट्याच्या बाजूला शेवंतीबाई होत्या. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांच्या खानावळीत चाळीस गडी जेवायचे. बाई जुन्नरकडच्या, जात्यावरच्या ओव्या अजून तोंडात ताज्या, आणि जुनी संपली की नवी जुळवायला वेळ लागत नसे. गाडी चिखलात गेली आणि हिरो स्वच्छ उतरला की त्या मांडीवर ठेका धरायच्या:

गाडी गेली खड्ड्यामंदी, चिखल उडाला गं बाई,
हिरोच्या सदऱ्याची, घडी मोडली न्हाई.

खोली हसायची. खऱ्याच्या बाजूचे धोंडू राऊळही हसायचे, आणि हसता हसता म्हणायचे, भावजयबाई, सदरा बदलला असेल, पण वळण बदलता येतं काय?

वळणांवर त्यांचाच शब्द चालायचा. एकतीस वर्षं त्यांनी लालबाग ते सावंतवाडी खाजगी बस चालवली होती. कुठल्या घाटात कुठल्या वडाखाली धुकं बसतं, कुठल्या मोरीवर गाडी एका कुशीला झुकते, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. तीन वर्षांपूर्वी साखरेनं उजवा डोळा अधू केला. डॉक्टरांनी सांगितलं, राऊळ, आता स्टिअरिंग नाही. पुढचे आठ महिने धोंडू फारसे बोलले नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, खालून गाडी गेली की मान वळवायचे. मग कुणीतरी मोबाइलवर ‘खडखडाट’ दाखवला, आणि धोंडू पुन्हा माणसांत आले. कार्यक्रम चालू असताना त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा. उतार आला की जरा जास्तच. बायकोनं, अंबिकाबाईंनी, तो पाय पाहिला होता. लेकीनंही पाहिला होता.

तिथंच अक्षदाचं कोडं होतं.

अक्षदा त्यांची एकुलती एक. परळला, जुन्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत तिचं ऑफिस. ‘खडखडाट’ तिथूनच निघतो, हे चाळीला ठाऊक होतं. ती माणसांच्या राहण्याजेवणाची सोय बघते, परवानग्या काढते, असं तिनं सांगितलं होतं. लागली तेव्हा ते खरंही होतं. पण दोन वर्षांपूर्वी लिहिणाऱ्यांपैकी एकजण सोडून गेला आणि त्याची खुर्ची तिला मिळाली. तेव्हापासून कुठल्या ओढ्यात कुणी रुतायचं, कुणी कुणावर चिडायचं, तंबू कुठल्या वाऱ्यानं जायचा, हे चौघं मिळून ठरवत, आणि त्या चौघांत ती एक. दर सोमवारी ती ठरवायची, या रविवारी बाबांना सांगायचं. दर रविवारी फरशीवरचा तो पाय दिसायचा, आणि सांगायचं राहून जायचं. खोटं ठरलं की बाबांचा रविवार जाईल, आणि रविवार गेला की ते परत त्या खुर्चीत जातील, एवढंच तिच्या मनात असे.

त्या रविवारी जव्हारचा भाग होता. अक्षदा ओट्याशी नारळ खवत उभी होती, पाठ टीव्हीकडे. पुढं काय आहे ते तिला माहीत होतं.

जीप डोंगरातल्या एका ओहोळात अडकली. तिघांनी ढकलली, दगड लावले, एकमेकांवर ओरडून घेतलं. सूर्य कलला. मग पायवाटेनं एक म्हातारा उतरला, डोईला फडकं, हातात काठी. त्यानं जीपपुढं नारळ ठेवला, हात जोडले आणि बोलू लागला:

“बा देवा लिंगेश्वरा, आई पावणाई, तिठ्यावरच्या चाळ्या महाराजा, आज ही जी काय लेकरां तुझ्या वाटेर अडकली आसत, तेंचा चाक मोकळा कर रे महाराजा.”

“व्हय महाराजा,” अख्खी खोली म्हणाली. सवयच तशी. नारळ ठेवून देवाला घातलेलं असं गाऱ्हाणं कानावर पडलं की मालवणी माणसाचं तोंड आपोआप उघडतं. खोट्याच्या बाजूचा विकासही म्हणून बसला, आणि लोक त्याच्याकडे बघून हसले तेव्हा कान खाजवू लागला.

टीव्हीतला म्हातारा पुढं म्हणाला, “आणि घाटात वळण इला तर चाकाच्या आदी नजर पोचू दे रे महाराजा.”

या वेळी ‘व्हय’ म्हणताना एक आवाज कमी पडला. धोंडूंचा.

विकासला आता खाद्य मिळालं होतं. जव्हारकडचा म्हातारा मालवणी कसा बोलतो, त्यानं विचारलं. आणि लिंगेश्वर, पावणाई हे तर आपल्या गावचे, नेरलीचे देव, ते त्या डोंगरात कधी राहायला गेले? खऱ्याच्या बाजूनं जमेल तसं सावरलं. कुणी म्हणालं, तो आपल्याकडचाच असेल, जंगलखात्यात नोकरीला लागून तिकडे राहिला असेल. कुणी म्हणालं, सासुरवाडी तिकडची असेल. शेवंतीबाईंनी मांडीवर ठेका धरला, पण ओवी जुळण्याआधीच त्यांची नजर धोंडूंकडे गेली आणि ठेका थांबला.

धोंडूंनी विकासला ते परत लावायला सांगितलं. त्यानं लावलं. आणखी एकदा, ते म्हणाले. त्यानं पुन्हा लावलं.

देवांची नावं नेरलीच्या कुठल्याही माणसाला येतात. पण ती शेवटची ओळ नेरलीतही कुणाला येत नव्हती. धोंडूंनी ती नोकरीच्या दुसऱ्या वर्षी स्वतः जोडली होती. धुक्यात बस कठड्याला घासून थांबली आणि बेचाळीस माणसं जिवंत उतरली, त्यानंतर. पुढं तीस वर्षं लालबागच्या नाक्यावर बसच्या चाकाशी नारळ फोडताना ते ती पुटपुटायचे. चतुर्थीच्या आधी गावाला निघालेली फ्रॉकमधली अक्षदा त्यांचं बोट धरून शेजारी उभी असायची.

अंबिकाबाईंचा विळीवरचा हात थांबला होता. त्यांनाही कळलं होतं.

धोंडू टीव्हीकडेच बघत म्हणाले, “अक्षू, ह्या कोणी लिवल्यान?”

अक्षदा वळली. हाताला खोबरं लागलेलं. “मी, बाबा.”

“ह्याच?”

“नाही. दोन वर्षांच्या भागांतलं. अर्ध्याहून जास्त.”

विकास जिंकला होता, पण चहा मागायची त्याला हिंमत झाली नाही. तो रिमोटची मागची झाकणी काढघाल करत राहिला. अक्षदा बोलत गेली, एकदम सगळं. खुर्ची कशी मिळाली, सोमवारी काय ठरवायची, रविवारी काय व्हायचं. फरशीवरच्या पायाचंही बोलली. ते ऐकून धोंडूंनी पाय मागे घेतला आणि लाजल्यासारखे हसले.

गाड्यांचं खोटं त्यांना विशेष लागलं नाही. ते म्हणाले, मीही पेणच्या पुढं पॅसेंजरांना सांगायचो, आता आलंच म्हणून. सावंतवाडी तिथून रात्रभर लांब. पण माणसं ऐकून निवांत झोपायची. हे सांगताना त्यांचा चेहरा मोकळा होता. मग तो आवळला.

“तो म्हातारो खयचो?”

अक्षदाला वाटलं होतं हा प्रश्न येऊ नये. म्हातारा खरोखरच तिथल्या एका पाड्यावरचा होता, ती म्हणाली. त्याला त्याच्याच देवाला हाक मारायला सांगितलं होतं. तो नाही म्हणाला. गाडी अडकलेली नाही, तुम्ही अडकवली, मी माझ्या देवाला खोटं कशाला सांगू, म्हणाला. उजेड चालला होता, वरचे लोक घाई करत होते. तिला एकच गाऱ्हाणं पाठ होतं. तिनं ते कागदावर लिहिलं आणि अर्ध्या तासात त्याच्याकडून घोकून घेतलं. त्यानं विचारलं, हा देव कुणाचा? ती म्हणाली, माझा. मग तुझं तू बघ, म्हणाला, आणि बोलला.

धोंडूंनी तोंड टीव्हीकडून वळवलं. त्यांचा चांगला डोळाही मिटलेला होता.

“तेना आपलो देव राखल्यान,” ते म्हणाले. “तू आपलो दिलंस.”

आवाज चढला नव्हता. तरी ते अक्षदाला लागलं. दोन वर्षं ती ज्या गोष्टीला भीत होती, ती ही नव्हतीच. बाबांचा रविवार जाईल म्हणून ती घाबरली होती, आणि आता स्वतःचंच काही जवळचं हातून गेल्यासारखं तिला वाटत होतं.

अंबिकाबाईंनी विळी आडवी केली, टोपलीतला शेंडीचा नारळ काढला आणि नवऱ्यापुढं ठेवला. धोंडूंनी तो उचलला आणि गॅलरीत गेले. माणसं त्यांच्यामागून दारात, कठड्याशी, जिन्याच्या पायऱ्यांवर उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता धोंडूच गाऱ्हाणं घालतील. त्यांनी नारळ अक्षदाच्या हातात दिला.

“तू घाल. कागद नको.”

बाईमाणसानं गाऱ्हाणं घातलेलं तिथं कुणी ऐकलं नव्हतं. क्षणभर चुळबूळ झाली. शेवंतीबाई म्हणाल्या, घाल गं पोरी, देव काय आवाज मोजतो काय. आणि अक्षदानं डोळे मिटले. आठवडाभर दुसऱ्यांच्या तोंडात वाक्यं घालणाऱ्या त्या मुलीला स्वतःचं पहिलं वाक्य सापडायला वेळ लागला. आलं तेव्हा ते अर्धं मालवणी होतं, अर्धं परळचं.

“बा देवा लिंगेश्वरा, आई पावणाई. गाडी अडकली नव्हती. आम्ही अडकवलेली. उजेड जात होता म्हणून मी तुझं नाव घेतलं.”

“व्हय महाराजा.”

“बाबांका दोन वर्षां सांगूक नाय. भिऊन सांगूक नाय. चुकलामाकला पदरात घे रे महाराजा.”

“व्हय महाराजा,” चाळ म्हणाली. या वेळी कुणाचाच आवाज कमी नव्हता. खालच्या मजल्यावरून कुणीतरी, कशाबद्दल चाललंय हे न कळताही, व्हय म्हणालं.

नारळ एका फटक्यात फुटला. अंबिकाबाई तुकडे वाटत फिरल्या. धोंडूंनी आपला तुकडा दाढेखाली घेतला, खुर्ची ओढली आणि लेकीला समोरच्या स्टुलावर बसवलं. एवढा वेळ मनात असलेली गोष्ट त्यांनी आता विचारली. नारळ ठेवल्यावर जीप निघाली का?

अक्षदाला हसू फुटलं. जीप निघालीच नाही, ती म्हणाली. कॅमेरे बंद झाले, सामान बांधलं, ड्रायव्हरनं गाडी चालू केली आणि ती खरोखरच रुतली, दारापर्यंत. फोनला रेंज नाही, चौदा माणसं, आणि बिस्किटांचे दोन पुडे. मग तो म्हातारा परत आला. या वेळी त्यानं न सांगता आपल्या देवाला हात जोडले, काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही. पाड्यावरून बैलांच्या दोन जोड्या आल्या. नाचणीच्या भाकऱ्या आल्या.

“खोटं,” विकास म्हणाला. “बैलांनी जीप ओढली म्हणे. आता तर धडधडीत खोटं.”

शेवंतीबाई मात्र या वेळी बाजू बदलून अक्षदाच्या शेजारी येऊन बसल्या. बैलाचं मला विचार, गोदीतल्या माणसाला काय ठाऊक, म्हणाल्या. त्यावर दोन्ही बाजू एकदम बोलू लागल्या, आणि कोण कुठल्या बाजूला आहे हे कुणालाच कळेना.

धोंडूंनी हात वर केला. गलका बसला.

“दोर खय बांधललो? फुडे काय मागे?”

“मागे,” अक्षदा म्हणाली. “मी पुढं बांधायला सांगत होते. म्हातारा नको म्हणाला.”

“चढ खयच्या बाजूक?”

“पुढं. आणि पुढंच जास्त चिखल.”

धोंडूंनी खोबरं सावकाश चावलं. त्यांचे हात हवेत जरा वर आले, अदृश्य चक्र धरल्यासारखे, आणि त्यांनी ते हलकेच उलटं फिरवून पाहिलं.

“मग निघाली आसतली,” ते विकासकडे बघून म्हणाले. “फुडे ओढली आसती तर आजून थयंच आसती. सांग गो, मगे?”

अंबिकाबाईंनी चहाचं मोठं पातेलं चढवलं. कोण हरलं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नाही.