मरव्याचं पाणी

देवासला राहायला आले तेव्हा पहिला महिनाभर मला वाटत होतं, आपण स्वयंपाक विसरलो. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, चहाला चव म्हणून नाही. मग शेजारणीनं सांगितलं, दोष बोअरच्या पाण्याचा. माठात, कुकरात, बादलीत पांढरा थर धरायचा. आमचे हे, म्हणजे शरद, कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. "हे पाणी बॉयलरला दिलं तर नळ्या चोक होतील," असं ते छाती फुगवून सांगायचे. बॉयलरच्या पोटाची काळजी असलेला नवरा मिळाला, माझ्या पोटात तेच पाणी जातं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्याआधी आम्ही धारला होतो. यांची पहिली नोकरी पीथमपूरची, आणि खोली धारमध्ये, यमुनाबाईंच्या शेजारी. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्यांच्या सासरची माणसं धारच्या पवार राजांबरोबर दक्षिणेतून आलेली, आणि तेव्हापासून घरात हारांचंच काम. पाचव्या महिन्यात माझं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा माहेरचं माणूस पोचायच्या आधी मावशी येऊन बसल्या होत्या. मला पेज भरवायच्या आणि रोज सकाळी उशाशी मरव्याची एक काडी ठेवायच्या. तो वास नाकात गेला की मला उठून बसावंसं वाटायचं. मी त्या दिवसांतून बाहेर आले ती त्यांच्यामुळे, आणि हे सांगताना मला कुणाची लाज नाही.

मरवा त्यांच्या परसात होता. पूर्वजांनी दक्षिणेतून आणलेलं झाड, फांदीवरून फांदी लावत जपलेलं. हारात काड्या घालायच्या, पण रोप कधी विकायचं नाही. मागेल त्याला द्यायचं, आणि घेणाऱ्यानं गुढीपाडव्याला त्यातलंच एक मूळ धरलेलं रोप परत आणायचं, असा त्यांच्या घरचा रिवाज. मी शेजारीच राहत असल्यामुळे कधी मागितलं नाही. देवासला आल्यावर मात्र त्या वासाची फार आठवण यायची. दोन हजार दोनच्या दिवाळीत धारला गेले तेव्हा मागून घेतल्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मूठभर फांद्या.

आमचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. गॅलरीत वानरं काही टिकू देत नसत, म्हणून मी मधल्या खोलीतल्या टेबलावर कलमं मांडली. फांद्यांची खालची पानं काढून त्या ओल्या वाळूत खोचल्या, वर काचेच्या बरण्या पालथ्या घातल्या. यांनी टेबलावर दोन ट्यूबलाइटी टांगून दिल्या. तेव्हा गावात तासन्‌तास वीज जायची, पण कॉलनीची लाइन कारखान्याची, त्यामुळे आमचा मरवा उजेडात आणि सगळं देवास अंधारात. येणारा-जाणारा विचारायचा, "क्यों भाभीजी, पेशंट ठेवलाय काय आत?"

डिसेंबरात मुळं धरली. पांढरी, दोऱ्यासारखी. एकेक रोप पानाला धरून उचललं, कारण कोवळं देठ चिमटीत आलं की संपलं. जुन्या डब्यांना भोकं पाडून त्यांत माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरलं होतं. त्यात रोपं लावली. आणि हे म्हणाले, "याला बोअरचं पाणी घालू नकोस. मी आपल्या प्लँटमधलं चुना काढलेलं सॉफ्ट पाणी आणतो." दर दोन दिवसांनी स्कूटरवर कॅन यायला लागला. नवऱ्यानं माझ्यासाठी काही उचलून आणलं असं फार क्वचित घडलेलं, त्यामुळे मीही फुशारले.

जानेवारीत मावशींच्या मुलाचा, तरुणचा फोन आला. हिंदी शाळेत शिकलेला मुलगा, त्याचं बोलणं तसंच. "ताई, इथे पाला पडला, रात्री दव गोठलं. आईचा मरवा पूरा जळून गेला. नालछ्याच्या मावशीकडचापण गेला, इथे ज्यांना दिला त्यांचापण. आई रोज तिथेच जाऊन बसते. तुमच्याकडचा आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. फोन ठेवून आत आले आणि टेबलापाशी उभी राहिले. आहे म्हणाले खरी, पण माझी रोपं आठवडाभर खंगत होती. पानांच्या कडा तपकिरी पडलेल्या, जशी काही कुणी पेटती उदबत्ती टेकवली होती. जास्त पाणी झालं म्हणून कमी केलं, मग कमी झालं म्हणून वाढवलं. दोन रोपं तोवर वाळूनही गेली होती. आता ही गेली असती तर मावशींच्या घरचं झाड जगात कुठेच राहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना हे कुरकुरत होते. "उद्या पाणी मिळणार नाही. सॉफ्टनरचं मीठ संपलंय, ट्रक आला नाही."

"पाण्याला मीठ कशाला?"

"पाण्याला नाही ग. आत दाणे असतात, ते पाण्यातला चुना धरून ठेवतात. भरले की मिठाच्या पाण्यानं धुवायचे. मग ते पुन्हा चुना घेतात आणि त्याच्या बदल्यात..." ह्यांचा घास हातातच राहिला. "बदल्यात मिठातलं सोडियम पाण्यात सोडतात."

"म्हणजे महिनाभर मी मरव्याला मीठ घालत होते?"

"बॉयलरला ते चालतं," हे हळूच म्हणाले.

"मरवा काय वाफेवर चालतो?" मी ताट सारलं. त्या दिवशी मी जे जे बोलले ते कॉलनीतल्या भिंतींनी ऐकलं. हे उठले. हात धुतले, स्वेटर घातला आणि कारखान्याच्या गेटवर गेले.

माझा नवरा कुणापुढे शब्द टाकणारा नाही. सख्ख्या भावाकडे कधी छत्री मागितली नाही. तो माणूस थंडीत गेटवर उभा राहून ट्रकवाल्यांना विचारत होता, मुंबई रोडनं कोण येतंय, रोपांना नर्मदेचं गोडं पाणी कोण आणून देईल. फत्तेसिंग नावाचा ड्रायव्हर भेटला. त्याची फेरी धामनोदवरून, नर्मदेच्या पुलावरून. यांनी त्याला सगळं सांगितलं, मिठासकट. तिसऱ्या दिवशी दोन भरलेले कॅन घेऊन तो स्वतः जिना चढून आला.

"लो भाभीजी, मैया का पानी. खलघाट से भरा है."

मी काय द्यायचं विचारलं तर त्यानं कान पकडले. "मैया के पानी का कोई लेता है क्या? बस, झाड बचना चइये." चहा घेतला, रोपांकडे लांबूनच हात जोडले आणि गेला. त्याचं नाव मी आजही देवापाशी घेते.

आम्ही दोघांनी रोपं डब्यांतून काढली. खारावलेली माती मुळांवरून हलकेच धुतली, मेलेली मुळं कात्रीनं काढली, ताज्या मातीत पुन्हा लावली. भरपूर पाणी घालून खालून निघू दिलं, म्हणजे राहिलेलं मीठ वाहून जावं. पुन्हा बरण्या, पुन्हा ट्यूबलाइटी. फत्तेसिंग प्रत्येक फेरीला कॅन टाकून जायचा. तरी एकेक रोप मान टाकत गेलं. फेब्रुवारीत तीन उरली, आणि एका सकाळी हे ओरडले, "सुनेत्रा, अंकुर!" बॉयलरचा प्रेशर बरोबर आला तरी हा माणूस इतका ओरडला नसता. मी तिथेच खाली बसून रडले.

पाडव्याला आम्ही धारला गेलो. तिन्ही डबे बसमध्ये मांडीवर. मावशींच्या परसात मरव्याची जागा खुरपून मोकळी ठेवलेली होती. त्यांनी पान चुरून नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. हे पुढे होऊन मिठाची गोष्ट सांगायला लागले, मी अडवलं तरी सांगितलीच. मावशी हसल्या. "जावईबापू, तुम्ही त्याला लोणचं समजलात काय?"

"मावशी, तिन्ही ठेवा," मी म्हटलं. "आमच्याकडे पुन्हा काही झालं तर? तुमचं होतं ते तुमच्याकडे पोचलं. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते काही फिटणार नाही, पण एवढं तरी परत केलं असं वाटेल."

मावशींनी दोन डबे घेतले. तिसरा उचलून माझ्या हातात परत दिला, जरा रागानंच.

"सगळं परत करतात ते संबंध तोडायला आलेले असतात बाई. हे घेऊन जा. पुढल्या पाडव्याला एक आणायचंय, म्हणजे तुला यावं लागेल."

परतीच्या बसमध्ये डबा यांच्या मांडीवर होता. दोन्ही हातांनी धरलेला, खिडकीचा वारा लागू नये म्हणून स्वेटर वरून पांघरलेला. इंदूर येईपर्यंत त्यांनी तो माझ्याकडे दिला नाही.