आधी जेवण, मग गाणं

आमच्या कोपरीतल्या जुन्या घरांत लग्नाला गाळी, म्हणजे चेष्टेची शिव्यागाणी, गायची रीत आहे. वऱ्हाड पंगतीला बसलं की आमच्या बायका नवऱ्याकडच्यांची नावं घेऊन गातात. व्याही काळा, विहीण लबाड, मामा हावरा. ज्याचं नाव आलं नाही तोच रुसतो. माझी बायको आवडाबाई या गाण्यांत पटाईत. तिच्या मांडीवर वाढलेली आमची नात सान्वी ती गाणी शिकली, आणि त्यापायी एका दुपारी आम्हाला पोलीस ठाण्यात जावं लागलं.

झालं ते असं. सान्वीचं कॉलेज आमच्या जुन्या मिठागराच्या जमिनीवर उभं आहे. तिथल्या हॉस्टेलमध्ये इथल्या भूमिपुत्रांच्या पोरांना राखीव जागा द्या, असं सान्वीच्या संघटनेचं म्हणणं. राखीव काही नको, मार्कांवर द्या, असं दुसऱ्या संघटनेचं. त्यांचा पुढारी आर्यन, कळव्याचा. घरचे मूळ घाटावरचे, माण तालुक्याकडचे. गेटवर सभा झाली, सान्वीने ढोलकी घेतली आणि आजीचं गाणं त्याच्या नावाने म्हटलं. पोरांनी मोबाईलवर घेतलं आणि ते डोंबिवलीपर्यंत पोचलं. आर्यनने तक्रार दिली की दोन समाजांत द्वेष पसरवला.

सान्वी रेल्वेची परीक्षा पास झालेली. फक्त पोलीस पडताळणी राहिलेली. गुन्हा नोंदला असता तर नोकरी हातची गेली असती. घरात सगळे आर्यनला बोलत होते, मीही बोललो. पोरापोरांचं भांडण, त्यात पोलीस कशाला?

ठाण्यात फौजदार मॅडमनी दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवलं. आर्यनसोबत त्याची आई वैशाली होती. मॅडमनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी सावकाश वाचला.

घाट उतरून आयला गो आर्यन,
हात धुवाचं न्हाई त्याला भान.
पाटावं बसून खाल्ला भात,
सीट बी नेलान गोणपाटात.

लग्नात याच गाण्यावर मी किती हसलो असेन. कागदावर वाचलं तेव्हा हसू आलं नाही. त्या पोराच्या आईकडे बघवेना.

मॅडमनी ते मोठ्याने वाचलं. आवडाबाईला राहवेना.

"बाय, असा कोन म्हनते गानं? मयताला आल्यासारी!" आणि तिने तिथेच टाळी देऊन चाल म्हणून दाखवली. दाराशी उभा हवालदार तोंड फिरवून हसला. आर्यन हसला नाही.

"आजी, चाल मला पाठ झालीय," तो म्हणाला. "कँटीनमध्ये रोज ऐकतो. पोरं मला बघून हात धुवायची अॅक्टिंग करतात. माझे बाबा घाटी, घाटी ऐकत कंपनीतून रिटायर झाले. हिने मला सीटवरून हवं तेवढं झापावं ना. मी पण झापतो. पण घाट कशाला काढला?"

सान्वी उसळली. "सीटबद्दल बोलले ते मी मागे घेणार नाही हां! केस करा नायतर काय करा."

"ते कोणी मागितलंय का?" मॅडम म्हणाल्या. "मत मांड, घोषणा दे, तुला कोण अडवतंय? मी पहिल्या दोन ओळींचं विचारतेय. एखादा कुठून आला म्हणून तो घाणेरडा, हे मत आहे का?"

सान्वीने कागद ओढून पुन्हा वाचला.

आवडाबाई आर्यनकडे वळली. "पोरा, तू आमचेकरं जेवलास कं कवा?"

"नाही."

"पानी तरी?"

"नाही आजी. मी कोपरीत आलोच नाय कधी."

झालं. आवडाबाईचा चेहरा बदलला. ती सान्वीला म्हणाली, "जेवाला घातला न्हाय नं गाली गायलीस? कोनी शिकवला तुला? पयला भात पानावं वाढतान, मंगच गानं उठते. नं त्याचेकरच्या बायका उत्तर देतान. हा बिचारा उपाशी, नं एकटा!"

"आजी, ती सभा होती. लग्न थोडंच होतं?"

"त्याच त सांगते! सभेन तुझा भाषन कर. लग्नाचा गानं लग्नान."

सान्वीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग आर्यनकडे बघून म्हणाली, "घाटाची ओळ चुकली रे. हात धुवायची पण. तुला रोज असं करतात, मला माहीत नव्हतं."

मॅडमनी आर्यनकडे पाहिलं. "तक्रार ठेवायची की मागे घ्यायची, हे तू ठरव," त्या म्हणाल्या. "कोणाच्या दबावाखाली नको. विचार करून ये."

"विचार कराला पोटान काय नको?" आवडाबाई म्हणाली. "ऐतवारी जेवाला या. तक्रार ठेवलीस तरी ये."

रविवारी मायलेक आले. वैशालीने शेंगदाण्याची चटणी आणलेली. आमच्याकडे तांदळाची भाकरी, बोंबील, खाडीच्या चिखलातल्या निवट्यांचं कालवण. आर्यनने निवटा आयुष्यात पाहिलेला नव्हता. सान्वी त्याला काटे काढून दाखवत होती आणि मार्कांवर सीट देणं कसं अन्यायाचं, ते सांगत होती. तो तोंडात घास असताना भांडत होता. पहिला भात वाढून झाला. आवडाबाई गाण्यासाठी खाकरली, पण तिच्या आधी वैशालीच सुरू झाली. खाली मान घालून, भात कालवता कालवता.

खाडीच्या विहिणीचा थाट गं मोठा,
जेवाय बोलवून वाढला काटा.
काटा आम्हाला, मासा मांजराला,
विहीण म्हणते, पुरला सगळ्याला!

आवडाबाई पदर तोंडावर घेऊन इतकी हसली की तिला ठसका लागला. "माझेच घरान मना गाली देते गो!" म्हणत तिने वैशालीच्या पानात आणखी दोन बोंबील टाकले. आर्यन आईकडे बघतच राहिला.

"आई, तुला हे कुठून येतं?"

"तुझ्या बापाच्या वरातीला असली गाणी मीच ऐकून घेतलीत की," ती म्हणाली.

निघताना आर्यन दारात थांबला. "सान्वी, व्हिडीओ काढून टाक. आणि जे ठाण्यात बोललीस ते गेटवर बोल. मग मी तक्रार मागे घेतो."

"बोलेन. पण त्याच्यापुढे सीटचं पण बोलणार."

"बोल ना. मी पण उत्तर देणार. माईक अर्धा माझा."

ती गेटवर बोलली. ज्या पोरांनी हात धुवायचं सोंग केलं होतं त्यांना नाव न घेता चांगलंच सुनावलं, आणि मग सीटवर इतकी बोलली की आर्यनला माईक मिळेपर्यंत लेक्चर सुरू व्हायची वेळ झाली. तो ठाण्यात जाऊन तक्रार मागे घेऊन आला. पडताळणी निर्विघ्न पार पडली. सीटचं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मिटावं अशी दोघांची इच्छाही दिसत नाही.

सभा असली की आवडाबाई सान्वीच्या डब्यात भाकरी जास्त बांधते. आर्यनला फारच झापायचं असेल, त्या दिवशी सोबत बोंबीलही देते.