वाट पाहणाऱ्यांची यादी

घड्याळजींनी आयुष्यात पहिल्यांदा एकाचं घड्याळ दुसऱ्याच्या हातात दिलं, आणि त्याच संध्याकाळी एक पुठ्ठा घेऊन ठळक अक्षरांत लिहून टाकलं : महिनाअखेरपासून दुकान कायमचे बंद.

मुलगी ऑफिसातून परस्पर दुकानात आली, तेव्हा पुठ्ठ्यावरची शाई अजून वाळत होती.

"घड्याळ परत मिळालं ना पण?" तिने विचारलं.

"मिळालं. भला माणूस. अर्ध्या वाटेवरून परत आला. म्हणाला, काका, हे माझं नव्हे." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "एकोणीसला सोळा वाचलं मी, मास्तरीण."

लहानपणी ती बाहुल्यांना ओळीत बसवून गणित शिकवायची, तेव्हापासून ती मास्तरीण. पुढे ती ऑफिसात कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायला लागली, पण नाव काही सुटलं नाही.

भिंगाखाली बाबांना अजून केसाएवढी स्प्रिंग स्वच्छ दिसायची. चुकत होतं ते समोरच्या भिंतीवर. तिथे लाकडाची रुंद फळी होती, तिच्यावर खिळ्यांच्या पाच रांगा आणि प्रत्येक खिळ्याला एक चिठ्ठी : आकडा आणि गिऱ्हाइकाची ओळख. मागच्या कपाटात त्याच आकड्याच्या खणात ते घड्याळ. नुकती आलेली, उघडलेली, सुटा भाग यायचा असलेली, चालवून बघायची आणि न्यायला तयार, अशा त्या पाच रांगा. घड्याळ जसजसं बरं होईल तसतशी त्याची चिठ्ठी एकेक रांग खाली उतरायची. चष्मा तीनदा बदलूनही त्या चिठ्ठ्या आता धुरकटच दिसत होत्या.

"महिना संपायला किती दिवस आहेत?" मुलीने विचारलं.

"सतरा."

"ते मला द्या. तोवर हा पुठ्ठा लावायचा नाही."

"सतरा दिवसांत तू काय माझे डोळे बदलणार?"

"डोळे नाही. फळी बदलते."

तिने घरचा जुना कॉम्प्युटर आणून दिव्याशेजारी मांडला आणि रविवारी सकाळी पहिली यादी दाखवली. अक्षरं बोटभर उंचीची होती, गट पाच होते आणि प्रत्येक गटाच्या डोक्यावर निळी पट्टी होती. बाबांनी खुर्ची पुढे ओढली. सगळं वाचता येतंय हे पाहून त्यांचा चेहरा जरा उजळला, आणि मग ते गालातल्या गालात हसले.

"मास्तरीण, आमच्याकडे घड्याळ आधी उघडतं आणि मग दुकानात येतं का गं?"

तिने पाहिलं. गटांची मांडणी तिने कॉम्प्युटरवर सोडली होती, आणि त्याने ती अकारविल्हे केली होती : 'उघडलेली' सगळ्यांत वर, 'नुकती आलेली' मधेच कुठेतरी. ऑफिसात एखाद्या नवख्याने हे केलं असतं तर तिने त्याला सोडलं नसतं. तिने मुकाट्याने गटांना क्रम दिला.

"आणि गटातल्या ओळी?" बाबांनी विचारलं.

"तारखेने. ज्याचं आधी आलं, तो आधी."

तिने बटण दाबलं. 'नुकती आलेली'च्या पट्टीखाली अगदी पहिली ओळ आली : मास्तरीण, मनगटी, दोन वर्षं एक महिना.

पहिल्या पगारातून घेतलेलं ते घड्याळ. बंद पडलं तेव्हा तिने ते इथे आणून दिलं, पहिले दोन-तीन महिने विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं. फळीवर तिची चिठ्ठी पहिल्या रांगेत शेवटच्या खिळ्याला पिवळी पडत लोंबत होती, हे ती येता-जाता बघायची. मनात कधीतरी बारीकशी कळ यायची, इतकंच.

"हे वर कसं आलं?" बाबा ओशाळून म्हणाले. "तू घरची. तुझं शेवटी."

"मग तुमचा क्रम कुठला? तो सांगा, तसा लावते."

"क्रम असा काही नाही. हाताला कळतं."

हाताला कळतं ते प्रोग्रॅममध्ये लिहिता येत नाही. पण कितीही लांब यादी असली तरी लावताना कॉम्प्युटर शेवटी दोघांतच निवाडा करतो : या दोघांत आधी कोण? असे पुरेसे निवाडे झाले की यादी लागते. तिने वही उघडली. बाबांचं मन एवढं काही अवघड नसावं, असं तिला वाटलं.

"नर्सबाई आणि शाळेचा शिपाई. आधी कोण?"

"नर्सबाई. सेकंदकाटा नसला तर नाडी कशी मोजणार ती?"

"शिपाई आणि वरच्या मजल्यावरच्या आजी?"

"शिपाई. दोनशे पोरं घंटेची वाट बघतात. त्याचं घड्याळ मागे पडलं की मधली सुट्टी जाते त्यांची."

"म्हणजे नर्सबाई, मग शिपाई, मग आजी." ती लिहायला लागली.

"छे. आजी नर्सबाईंच्या आधी."

"का?"

"दवाखान्यात भिंतीभिंतीला घड्याळं आहेत. आजींच्या घरात त्या एका लंबकाशिवाय आवाज करणारं आहे कोण?"

मुलीने पेन खाली ठेवलं. नर्सबाई शिपायाच्या आधी, शिपाई आजींच्या आधी आणि आजी नर्सबाईंच्या आधी. अशी यादी जगातला कुठलाही कॉम्प्युटर लावू शकला नसता.

"बाबा, तुम्ही गोल फिरताय."

"घड्याळजी आहे मी. सरळ कसा जाणार?"

ती हसली, पण तिची मती खुंटली होती. वहीतल्या नोंदी तिने पुन्हा वाचल्या. आकार नाही, किंमत नाही, तारीख नाही. प्रत्येक उत्तरात बाबा एकच गोष्ट बघत होते : कोण किती थांबू शकेल. आणि ते रोज बदलत होतं. आजींकडे नात राहायला आली की आजी खाली जात, शाळेला सुट्ट्या लागल्या की शिपाई खाली जात असे. चाळीस वर्षं त्या फळीवर लोकांची सहनशक्ती टांगलेली होती, आणि तिला वाटत होतं की तिथे घड्याळं आहेत.

मग तिने क्रमाचा नियम शोधणंच सोडून दिलं. ओळ माउसने धरून वर-खाली सरकवता येईल, आणि एका गटातून दुसऱ्यात टाकताही येईल, अशी सोय केली. हाताने लावलेला क्रम कॉम्प्युटरने फक्त लक्षात ठेवायचा. बाबांनी माउस चिमट्यासारखा दोन बोटांत धरला. पहिल्यांदा शिपाई घसरून भलत्याच गटात पडला, दुसऱ्यांदा नर्सबाई. तिसऱ्या दिवशी ते न बघता सरकवू लागले.

शेवटचा आठवडा उरला होता. एका सकाळी तिचा फोन वाजला.

"मास्तरीण, तुझा खालचा गट पळाला."

"कुठला?"

"न्यायला तयार. काल संध्याकाळी तिघं येऊन घेऊन गेले. आज पट्टीच नाही."

"रिकामा गट दिसत नाही, बाबा. त्यात काही नाहीच, तर दाखवायचं काय?"

बाबा सावकाश म्हणाले, "अगं, काही नाही हेच तर बघायचं असतं. मान वर केली आणि ती रांग रिकामी दिसली, की कळतं, आज इथून कोणी खूश होऊन जाणार नाही. मग मी चहा बाजूला ठेवतो."

तिने ऑफिसात अशा कितीतरी याद्या केल्या होत्या. त्या प्रत्येकीत रिकामे गट तिने पुसून टाकले होते, पडदा नेटका दिसावा म्हणून. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने बाबांच्या प्रोग्रॅममधल्या दोन ओळी बदलल्या. संध्याकाळी 'न्यायला तयार'ची निळी पट्टी जागेवर परतली, खाली कोणीही नसलेली.

महिन्याचा शेवटचा दिवस शनिवार होता. तिने मुद्दाम रजा घेतली आणि काउंटरच्या टोकाला बसून राहिली. बाबांना मदत करायची नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. पुठ्ठा खिडकीखाली भिंतीला टेकून उभा होता.

अकराला शिपाई आला. बाबांनी पडद्याकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत आकडा म्हटला, आत गेले. मुलीने पायाची बोटं आवळली. ते बाहेर आले ते शिपायाचंच घड्याळ घेऊन. त्यानंतर नर्सबाई. मग बेकरीवाला, जो अजून तयार न झालेल्या घड्याळासाठी उगाच गप्पा मारायला आला होता. त्याला बाबा म्हणाले, "तुमचं चालवून बघतोय. मंगळवारी या. आणि रिकाम्या हाताने येऊ नका." दुपारपर्यंत सात जण येऊन गेले. एकदाही चुकलं नाही.

दुपारी गर्दी ओसरली, तशी बाबांनी पुठ्ठा उचलून काउंटरवर आडवा ठेवला. त्यांनी कात्री काढली आणि पुठ्ठ्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायला सुरुवात केली.

"काय करताय?"

"खणांच्या चिठ्ठ्या संपल्यात. हा पुठ्ठा चांगला जाड आहे." ते कापत राहिले. 'कायमचे'चे दोन तुकडे झाले.

तिने त्यातला एक तुकडा उचलून इतर पट्ट्यांवर ठेवला.

पट्ट्या नीट रचून झाल्यावर त्यांनी दोन बोटांत माउस धरला. 'नुकती आलेली'च्या गटात पार खाली गेले, एक ओळ उचलली आणि वर न्यायला लागले. ती ओळ आजींना ओलांडून गेली, आणखी चौघांना ओलांडून गेली आणि निळ्या पट्टीखाली पहिली जाऊन बसली.

"बाबा, मी थांबू शकते. मी घरची आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि कपाटातून तिचं घड्याळ आणून दिव्याखाली ठेवलं. "दोन वर्षं एक महिना. एवढं गिऱ्हाइकाला थांबवलं असतं, तर त्याने दुकान डोक्यावर घेतलं असतं."

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, आणि ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.