चारशे बारा मिलिमीटर

मित्रांनो, मी पर्जन्यमापक आहे, आणि चांगलाच जुना आहे. जस्ताच्या पत्र्याचं गोल अंग, तोंडाला पितळेची कड, आत एक नरसाळं आणि त्याखाली पाणी साठवायचं भांडं, एवढाच माझा संसार. आभाळातून पडलेलं पाणी मी सांडू न देता सांभाळतो आणि सकाळी साडेआठला कुणी येऊन ते मोजावं म्हणून वाट बघतो. वाट बघणं हे माझं निम्मं काम. ते मला उत्तम जमतं, असं माझं मीच म्हणतो, कारण एका माणसाशिवाय हल्ली दुसरं कुणी इकडे फिरकत नाही.

माझा जन्म कोल्हापुरातल्या उद्यमनगरातला. आजूबाजूला पंपांचे आणि मोटारींचे सुटे भाग ओतले जात. त्या गदारोळात एक म्हातारा कारागीर माझी पितळी कड कानशीने घासत बसला होता. "ह्येची कड वाकडी झाली तर आभाळाचं माप वाकडं हुतंय," असं तो स्वतःशीच पुटपुटला. तेव्हा मला जो गर्व चढला तो अजून पुरता उतरलेला नाही.

१९८१ साली मला एसटीच्या टपावर बांधून राधानगरीच्या बाजूच्या एका गावात आणलं. ग्रामपंचायतीच्या आवारात, झाडांपासून लांब, सिमेंटच्या ओट्यात रोवलं आणि भोवती काटेरी तार ओढली. माझी जबाबदारी मिळाली गुंडूला. तो तेव्हा पंचविशीतला होता. घरी भातशेती आणि दोन म्हशी. धार काढायची, दूध डेअरीत घालायचं आणि तसंच माझ्याकडे यायचं, हा त्याचा क्रम. माझं पाणी तो काचेच्या मापात ओतायचा, वाकून डोळा रेषेच्या पातळीला आणायचा आणि आकडा वहीत लिहायचा. पाऊस नसला तरी यायचा आणि शून्य लिहायचा. त्याच्या त्या शून्यांचं मला फार कौतुक होतं.

तेव्हाचा पाऊस माझ्या ओळखीचा होता. भाताची लावण सुरू झाली की रोज तीस-चाळीस मिलिमीटर द्यायचा, मधेच एखाद्या दिवशी शंभर, की पुन्हा आपला चाळिसावर. गुंडू माझं भांडं उघडायच्या आधीच अंदाज बांधायचा आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा.

आता पुढचं सांगायला मला जड जातंय, पण सांगतो.

१९८८ सालचा जुलै. एकोणीस तारखेची नोंद करून गुंडू जयसिंगपूरला एक म्हैस बघायला गेला. संध्याकाळी परतायचं होतं. पण पंचगंगेला पाणी चढलं, एसटी बंद पडली आणि तो पाहुण्यांच्या घरी अडकला. वीस तारखेला साडेआठ वाजले. मी वाट बघितली. कुणी आलं नाही. एकवीसला सकाळी तो गुडघाभर चिखल तुडवत धापा टाकत आला. त्याने मापावर माप ओतलं. भरले चारशे बारा मिलिमीटर. दोन दिवसांचे मिळून, हे तेवढं लक्षात ठेवा.

तेवढ्यात तारेपलीकडून तलाठ्याच्या माणसाने हाक मारली. त्याला आकडा तालुक्याला कळवायचा होता.

"गुंडू, किती रं?"

"चारशे बारा!"

दोन दिवसांचा म्हणून सांगायचं गुंडूच्या तोंडात होतं. पण तो माणूस सायकलवर टांग टाकून निघूनही गेला. दुपारपर्यंत तालुकाभर झालं, एका दिवसात चारशे बारा! अजूनही दुरुस्त करता आलं असतं. पण मग कालच्या दिवशी कुठे होतास, हेही सांगावं लागलं असतं, आणि रजा न टाकता गेल्याबद्दल बोलणी खावी लागली असती. गुंडूने वही उघडली. वीस तारखेच्या रिकाम्या रकान्यात मनानेच एकशे एक्कावन्न लिहिले. एकवीसला चारशे बारा. सकाळी झाली ती चूक होती, मित्रांनो. दुपारी झालं ते खोटं होतं.

मग काय विचारता! आमच्याकडे म्हैस असो, पैलवान असो नाहीतर पाऊस, पहिला नंबर आमचाच असावा लागतो. कोल्हापुरातून वार्ताहर आला. गुंडूला फेटा बांधून माझ्याशेजारी उभं केलं. त्या फोटोत माझी पितळी कड नुसती लखलखत होती. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं, 'विक्रमी पावसाचे गाव. एका दिवसात ४१२ मिलिमीटर.' लाज वाटते सांगायला, पण मीही फुगलो.

गुंडू मात्र त्या दिवसापासून बदलला. त्यानंतर त्याने एकही सकाळ चुकवली नाही. तापाने फणफणत असला तरी आला, लेकीच्या लग्नादिवशी मुंडावळ्या बांधायच्या आधी आला. "एवढं कशापायी जिवाला लावून घेताय?" असं त्याची बायको शालूबाई तारेपलीकडून विचारायची. तो वाकून आकडा लिहीत राहायचा. मला ठाऊक होतं. तो त्या एका दिवसाची भरपाई करत होता.

पुढे आवारात खांबावर एक स्वयंचलित यंत्र आलं. सूर्यावर चालतं, आकडे आपोआप पाठवतं. माझ्या वहीची कुणाला गरज उरली नाही. माझ्या तारेवर लुगडी वाळू लागली. एकदा कुणीतरी माझ्या तोंडात वेफर्सची रिकामी पिशवी कोंबून गेलं. गुंडूने ती काढली, नरसाळं पुसलं आणि नोंद केली. आता त्याला कुणी सांगत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं, तरी तो येत राहिला.

आणि त्याच वर्षांत पाऊस अनोळखी होत गेला. जून कोरडा जाऊ लागला. वीस-वीस दिवस गुंडू शून्यं लिहायचा आणि मग महिन्याचा पाऊस तीन दिवसांत कोसळायचा. त्याचे अंदाज चुकू लागले. २०१९ साली मोठा पूर आला तेव्हा तर माप ओतता ओतता त्याचा हात थांबला. "ह्यो आपला पाऊस न्हवं," असं तो म्हणाला.

त्याची नात अनुजा कोल्हापुरात भूगोल शिकते. तिने आजोबांच्या चव्वेचाळीस वर्षांच्या वह्या उतरवून घेतल्या. सुट्टीत माझ्या ओट्यावर बसून ती आलेख काढायची. "आज्जा, ह्या वह्या म्हंजे सोनं हाय सोनं," असं ती म्हणायची. गुंडू हसायचा, पण वही तिच्या हातात देताना १९८८ सालची नेहमी सगळ्यात खाली ठेवायचा.

या मे महिन्यात आमच्या आवारात ग्रामसभा भरली. गावामागच्या डोंगरउतारावर विजयसिंह यांची जमीन आहे. ते माजी सरपंच, आवाज मोठा, माणूस मनाने वाईट नाही. तिथली झाडं तोडून, उतार कापून त्यांना रिसॉर्ट बांधायचं आहे. उताराखाली बारा घरं आहेत. त्याला परवानगी देणारा ठराव करायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. ताडपत्रीचा मांडव माझ्या तारेला लागूनच होता, म्हणून मी सगळं ऐकलं.

बारा घरांपैकी एक आकारामचं. तो आधी उठला. "दरसाल आमच्या घरामागं माती येतीया. झाडं हाईत म्हणून थांबतीया. तीबी काढलीसा तर आमी जायचं कुठं?"

मग अनुजा उठली. तिने आलेख दाखवले. कोळसा, तेल, गाड्या, कारखाने यांच्या धुराने हवा तापते, समुद्र तापतो, तापलेली हवा जास्त पाणी धरून ठेवते आणि मग एकदम ओतते, हे तिने सोप्या भाषेत सांगितलं. जंगल तोडलं की त्यात भर पडते, हेही सांगितलं.

"म्हंजे आमच्या चुलीच्या धुरानं आभाळ तापतंय व्हय?" विजयसिंह म्हणाले. लोक हसले. "अगं पोरी, कोळसा जाळला गोऱ्या लोकांनी. गाड्या उडवल्या त्येंनी. आनि झाडं राखायची आमी? आमच्या पोरांनी पोट भरायचं न्हाय?"

"काका, पयला धूर त्येंचाच, ह्ये खरं हाय," अनुजा म्हणाली. "पर माती त्येंच्या घरावर येत न्हाय, आकारामदादाच्या घरावर येतीया."

काही माना डोलल्या. क्षणभर वाटलं, जिंकली पोरगी. पण विजयसिंहांनी वळून भिंतीकडे बोट केलं.

"ह्ये वाच. एका दिवसात चारशे बारा! अठ्ठ्याऐंशी साली. तवा कुठं हुत्या एवढ्या गाड्या? निसर्गाचं चक्र हाय ह्ये. आनि एका दिवसात चारशे बारा पडून डोंगर तसूभर हलला न्हाय. आता काय हलतोय? तुझ्याच आज्ज्यानं मोजलंय की!"

टाळ्या पडल्या. एका दिवसावरून चाळीस वर्षांचं ठरत नाही, असं अनुजा सांगत राहिली, पण भिंतीवरची अक्षरं तिच्यापेक्षा मोठी होती. मी गुंडूकडे बघत होतो. तो माझ्या तारेला धरून उभा होता. माझा जीव टांगणीला लागला. सदतीस वर्षं आम्ही दोघांनीच ही गोष्ट पोटात ठेवली होती. आज तो गप्प बसला असता तर त्याची इज्जत राहिली असती, आणि बोलला असता तर नातीचा अभ्यास तिच्याच डोळ्यांदेखत कोसळला असता.

"त्यो आकडा खोटा हाय," गुंडू म्हणाला.

आवाज इतका बारीक होता की त्याला पुन्हा सांगावं लागलं. मग त्याने सगळंच सांगितलं. जयसिंगपूर, म्हैस, दोन दिवसांचं पाणी, मनाने लिहिलेले एकशे एक्कावन्न. "दोन दिसांचं चारशे बारा हुतं. आनि तवा डोंगरावर झाडं हुती."

विजयसिंह सावकाश म्हणाले, "एक आकडा खोटा, मग बाकीच्या वह्या खऱ्या कशावरनं? पोरीचा सगळा अभ्यास आज्ज्याच्या थापांवर हाय की!"

हशा पिकला. सरपंचांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. अनुजाने आलेख गुंडाळले आणि आजोबांकडे न बघता ती कोल्हापूरच्या गाडीत बसली. मला त्या हशाचा राग आला. खोटं भिंतीवर होतं तोवर त्याला टाळ्या होत्या, आणि खरं तोंडातून बाहेर पडल्याबरोबर हसू.

दुसऱ्या दिवशी साडेआठला गुंडू आला. पहिल्यांदाच त्याच्याबरोबर शालूबाई तारेच्या आत आली होती. भांडं कोरडं होतं. तो वही उघडून नुसता उभा राहिला.

"लिवा की."

"कुणासाठी लिवू आता?"

"आजवर कुणासाठी लिवत हुता?" शालूबाई म्हणाली.

त्याने शून्य लिहिलं.

नवव्या दिवशी अनुजा परत आली. बरोबर आसपासच्या तीन गावांच्या जुन्या नोंदी होत्या. ती माझ्या ओट्यावर बसली आणि तीन दिवस एकेक ओळ ताडून बघत राहिली. गुंडू जवळ उभा, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा.

"दोन ठिकाणी आकडे उलटे पडल्यात," ती शेवटी म्हणाली. "आनि तुमी सांगितलं त्ये. बाकी समदं जुळतंय, आज्जा."

"रागावलीस न्हाय?"

"रागावले की. आधी मला सांगायचं हुतं." तिने डोळे पुसले आणि लाल पेन पुढे केलं.

गुंडूने एकशे एक्कावन्नवर एक रेघ मारली आणि चारशे बारावर एक, आकडे वाचता येतील अशा. शेजारी लिहिलं, 'हा दोन दिवसांचा पाऊस. चूक माझी.' खाली सही केली.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण पुढची सभा अजून ठरलेली नाही. भिंतीवरचा निळा आकडा तसाच आहे. तो पुसायला कुणी तयार नाही, कारण विक्रम गेला की गावाचं नाव जातं. उताराच्या पायथ्याशी एक जेसीबी येऊन थांबलाय. आकारामच्या मागच्या भिंतीला बोटभर भेग पडली आहे, आणि गुंडू रोज माझ्याकडची नोंद झाली की तिकडे जाऊन ती बघून येतो. पावसाळा चार दिवसांवर आहे.

मी एक साधा पत्र्याचा जीव. मला मोजता येतं, थांबवता येत नाही. थांबवायचं काम तुमचं आहे. मोठ्या अक्षरांत लिहिलंय म्हणून कुठलाही आकडा मानू नका. आणि एक आकडा चुकला म्हणून सोळा हजार सकाळी रद्दीत टाकू नका. तुमच्या गावात माझ्यासारखा कुणी जुना मोजणारा असेल तर त्याचं तोंड पुसा, त्याची वही उघडा आणि तिच्यात काय लिहिलंय ते भिऊन का होईना, पण वाचा.

माझ्या पोटात एका दिवसात चारशे बारा मिलिमीटर कधीच पडले नव्हते. उद्याच्या पावसाने तो खोटा आकडा खरा करू नये, एवढं बघा.