रविवारीच लागणारी आग

"पेटलाय, पण जळत नाही! बघा, डोळे फाडून बघा!"

सेकोंदी शहरातल्या आमच्या आठ बिऱ्हाडांच्या अंगणात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पांढऱ्या झग्यातले पास्टर बोआहेन, त्यांच्या हातात चिमटा आणि चिमट्यात भडभडून पेटलेला ओला रुमाल. निळसर ज्वाळा नाचली, विझली आणि रुमाल जसाच्या तसा! बायका किंचाळल्या. दोघींनी तर तिथंच गुडघे टेकले.

"जॉर्डन नदीच्या पाण्याची कृपा!" पास्टर गरजले. "हे कोरडे रुमालही त्याच पाण्यातून काढून वाळवलेत. एक घरात ठेवा, अग्नीची काय बिशाद आत यायची! वीस सेडी. विधवांना अठरा!"

मी विधवा, म्हणजे माझ्यावर जरा जास्तच कृपा. मी फिलोमिना, याच अंगणात शिलाई मशीन चालवते. मशीनपेक्षा माझी जीभ जास्त चालते, असं लोक म्हणतात. पण त्या दिवशी मी तिला आवरून बसले होते. रुमाल खपले की पुढचा विषय कोणता, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पाच आठवड्यांत अंगणातल्या तीन खोल्या जळाल्या होत्या. तिन्ही वेळा रविवार, तिन्ही वेळा दाराला कुलूप आणि माणसं सगळी पास्टरांच्या प्रार्थनेला. आणि तिन्ही वेळा जळत्या खोलीपाशी सापडली ती आराबा मावशी. ती केंकी करून विकते. सोमवारच्या केंकीसाठी आंबवलेलं मक्याचं पीठ रविवारीच शिजवावं लागतं, म्हणून ती प्रार्थनेला जात नाही.

"कुलूपबंद खोलीत आग लावली कोणी?" पास्टरांनी बोट रोखलं. "दर वेळी तिथं पहिली कोण पोचते?"

"आराबा!" गर्दी ओरडली.

"चेटकीण! उद्या सकाळी इथून चालती हो!" ही डोरकास. गेल्या रविवारी तिचीच खोली जळली होती.

मावशी अडुसष्ट वर्षांची. मागंपुढं कोणी नाही. दोन्ही तळव्यांना पट्ट्या. "अगं, मी खिडकी फोडून पाणी टाकलं गं," एवढंच म्हणाली. ऐकतो कोण? चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. आणि खरं सांगू, पहिल्या दोन आगींनंतर कुजबुज सुरू झाली, तेव्हा मीही गप्पच बसले होते. त्याची लाज अजून जात नाही.

पण आदल्या दिवशी डोरकासची जळकी खोली झाडायला मी गेले होते. टेबल मधोमध जळून भोक पडलेलं, त्याखाली राखेत इस्त्री आणि भिंतीवरच्या सॉकेटचं बटण चालूच! रात्रभर तेच डोक्यात फिरत होतं.

"डोरकास," मी पुढं झाले, "गेल्या रविवारी लाइट कधी गेली होती?"

"सकाळी. तिचं इथं काय?"

"तेव्हा तू काय करत होतीस?"

"झग्याला इस्त्री. पास्टर नऊला प्रार्थनाघराचं फाटक लावून घेतात ना, म्हणून तसाच चुरगळलेला अडकवून पळाले."

"आणि इस्त्री?"

"असेल टेबलावर, चादरीवरच. गार पडली होती गं!"

"सॉकेटचं बटण बंद केलंस?"

डोरकासनं वळून आपल्या जळक्या खोलीकडे पाहिलं.

"लाइट परत कधी आली?"

"प्रवचनाच्या मध्येच," मागून कोणीतरी म्हणालं. "माईक एकदम किंचाळला नव्हता का?"

आधी जळालेल्या दोन बिऱ्हाडांकडे मी वळले. "आणि तुमचं?" दोन्ही घरचे नवरा-बायको "बटण तू बंद केलं होतंस ना?" म्हणून एकमेकांनाच विचारू लागले.

"सैतान वायरीतूनही येतो!" पास्टर कडाडले.

"मग तुमचा रुमाल अडवेल की त्याला!" मी माझी जुन्या बाजारातली इस्त्री आणली. आपोआप बंद होण्याचा तिचा गुण कधीच मेलाय. धुण्याच्या दगडावर पास्टरांचा एक कोरडा रुमाल पसरला, त्यावर गार इस्त्री पालथी ठेवली. "ही लाइट गेलेली, तुम्ही प्रार्थनेला गेलात. आणि आता लाइट आली." मी माझ्या दारातल्या सॉकेटचं बटण दाबलं.

पास्टर मोठमोठ्यानं प्रार्थना म्हणू लागले. सगळ्यांच्या नजरा दगडावर. रुमाल पिवळा पडला, मग तपकिरी, मग धूर. वाऱ्याची एक झुळूक आली आणि कडेनं जाळ उठला. मी झटकन प्लग काढून बादली ओतली.

"पाण्याचा अंश कमी पडला!" पास्टरांनी घाईघाईनं जॉर्डनची बाटली उघडली, आणि तो वास आला.

कपाळ माझं! नवऱ्यानं वीस वर्षं तेच ढोसलं, मला वास कळणार नाही? बाटली हिसकून मी झाकणभर पाणी कोरड्या पायरीवर ओतलं आणि काडी लावली. निळी ज्वाळा!

"ही जॉर्डन नाही, ताडाची गावठी दारू आहे! तिच्यात निम्मं स्पिरिट, निम्मं पाणी. स्पिरिट जळून जातं, पाणी कापडाला वाचवतं. हे ओला रुमाल जाळून दाखवतात आणि कोरडा तुमच्या गळ्यात मारतात!"

असा हशा आणि अशा शिव्या उठल्या, की पास्टर झगा सावरत मागच्या दारानं निसटले.

पण मला हसू येईना. "अहो, सैतान शोधायला एवढं लांब कशाला जाता? लाइट गेली की हात आधी बटणाकडे जाऊ दे, मग खुशाल देवापुढं जोडा. आग कशानं लागली हे न विचारता कोणी लावली एवढंच विचारलंत, म्हणून आज एका म्हातारीला घराबाहेर काढत होतात!"

गर्दी माना खाली घालून पांगली. डोरकास रडत रडत आराबा मावशीच्या पायांशी बसली. "मावशी, चुकले मी. माफ करा."

"माफी राहू दे," मावशी म्हणाली. "मी रविवारी घरी असतेच, धावेनही. पण हात दोनच आहेत बाई, आणि दोन्ही भाजलेत. तू जाताना प्लग काढून जात जा."