उपग्रहानं येतो म्हणावं

खासगी उपग्रह सोडायला सरकारची परवानगी मिळणं फार अवघड, असं लोक म्हणतात. साफ खोटं. सरकार एक वेळ ऐकतं. आकाराम आबा ऐकत नाहीत.

आबा म्हणजे आमच्या कंपनीचे अध्यक्ष. मूळचे रहिमतपूरकडचे, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. उपग्रह बनवला त्यांच्या लेकीनं, दीपमालानं, कुपवाडच्या शेडमध्ये तीन वर्षं खपून. शेड आबांची, म्हणून अध्यक्षपद आबांचं. आणि परवानग्यांच्या मागे धावायला मी, सुमंत, सांगलीचा. म्हणजे सगळा वैताग माझा.

उपग्रह बिस्किटांच्या डब्याएवढा. वरून उसाच्या शेतातली ओल बघणार. संदेश पाठवायच्या लहरींची परवानगी मिळाली, रॉकेटात जागाही मिळाली. राहिला एकच प्रश्न: काम संपल्यावर याचं काय करणार? नियम असा, की पाच वर्षांच्या आत त्यानं खाली घसरायचं आणि वाटेतच हवेत जळून जायचं. आकाशात कचरा ठेवायचा नाही. दीपमालानं तसं लिहूनही दिलं होतं. फक्त अध्यक्षांनी बैठकीत ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं.

आता आबांच्या घरची रीत सांगायला हवी. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. ही रीत सगळ्यांकडेच असते, पण आबांकडे तिला लष्करी शिस्त आहे. सरहद्दीवर निघताना ते दर वेळी 'येतो' म्हणाले आणि दर वेळी आले, विषय संपला. त्यांच्या पत्नी राहीबाई दुरुस्तीला निघालेल्या मिक्सरलाही दारातून 'ये गं बाई' म्हणतात. विकलेल्या म्हशीलाही म्हणाल्या होत्या. ती दावं तोडून खरंच परत आली.

बैठक मोबाइलवर होती. समोरच्या अधिकारी मॅडम मराठी निघाल्या म्हणून मला हायसं वाटलं. मी मूर्ख.

"अध्यक्ष महोदय, शेवटी उपग्रहाचं काय होणार?"

"यील की!" आबा म्हणाले.

"कुठे?"

"घरी. कुपवाडला. जागा झाडून ठेवलीया."

मॅडमनी चष्मा काढला. जमिनीवर परत येणाऱ्या उपग्रहाची परवानगी वेगळी असते, त्या म्हणाल्या. तो कुठे उतरणार? कुणाच्या डोक्यावर पडला तर? नुकसान कोण भरून देणार?

"शेजारच्याचा पत्रा फुटला तर नवा बशिवतो की," आबांनी छाती पुढे काढली. "सुभेदाराचा शब्द हाय."

अर्ज तिथेच अडकला. सोमवारी पुन्हा बैठक. तेव्हाही नीट उत्तर मिळालं नाही, तर रॉकेटातली आमची जागा दुसऱ्याला जाणार होती.

रविवारभर आम्ही आबांना एकच वाक्य शिकवत बसलो: 'तो जळून जाईल.' 'तो'पर्यंत गाडी झकास यायची. पुढे घशात माशाचा काटा अडकल्यासारखं तोंड व्हायचं.

"शुभ बोल नाऱ्या!" राहीबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या. "पोरीचं पयलं काम, आन निघायच्या आदीच जळायचं बोलताय व्हय?"

"आई, नियम हाय त्यो!" दीपमाला म्हणाली.

"नियम करणाऱ्याला आय न्हाई का?"

दीपमाला एकदम रडायलाच लागली. एवढी धीट मुलगी, मला फार वाईट वाटलं. "आबा, पत्र्याचं खोकं हाय ते. पर माझं सगळं त्यात हाय."

"म्हनूनच तर, बाळा," आबा म्हणाले.

सोमवारी आबा छातीवर पदकं लावून मोबाइलसमोर बसले. मॅडमनी तोच प्रश्न विचारला. आबा पदकंच सारखी करत बसले. मग राहीबाईंनाच राहवलं नाही. पदराला हात पुसत त्या मध्ये आल्या.

"मॅडम, तुमी गणपती बुडवतो म्हनता का?"

"नाही. विसर्जन म्हणतो."

"मग ह्येचं बी तसंच. पाच वर्सांत वरच्या वर विसर्जन. खाली कन यायचा न्हाई."

मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो. मॅडमही हसल्या. पण अधिकारी तो अधिकारी. "छान सांगितलंत," त्या म्हणाल्या, "पण नोंदीत विसर्जन चालत नाही. आणि गणपती पुढच्या वर्षी परत येतात. हा येणार का? अध्यक्षांनीच सांगावं."

आबांनी दीपमालाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती. आबा ताडकन उभे राहिले, त्यामुळे मॅडमना नुसती पदकंच दिसत असणार.

"जळून जाईल," पदकं म्हणाली. "समदा. परत येनार न्हाई."

राहीबाईंनी तत्काळ त्यांच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. परवानगी मिळाली, मी टाळ्या वाजवल्या. आबांनी मात्र पदकं उतरवून पेटीत ठेवून दिली.

उड्डाण आम्ही शेडमध्ये मोबाइलवर पाहिलं. रॉकेट उठताच राहीबाई ओरडल्या, "ये रं बाबा!" आबा ओठ मिटून बसले होते.

"तुमी बी म्हना की," दीपमाला म्हणाली.

"मी कुठल्या तोंडानं म्हनू? मी बोलून बसलोय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं त्यांना हाताला धरून अंगणात आणलं. तिच्या यंत्रातून बारीक पी-पी आवाज येत होता.

"आबा, आला!"

"कोन?"

"आपला. आत्ता कुपवाडच्या डोक्यावर हाय. पृथ्वीला फेऱ्या मारतोय. उद्या बी येनार, परवा बी येनार. हाय तवर रोज येनार."

आबांनी वर पाहिलं. दिसण्यासारखं काहीच नव्हतं, तरी ते पाहत राहिले. डोळे भरले होते, पुसायचं त्यांना सुचलं नाही. तेवढ्यात आवाज बारीक होत होत थांबला.

"गेला," मी म्हणालो.

"सुमंतराव!" आबा कडाडले. "गेला म्हनायचं न्हाई."