फेस बसायच्या आत

अझेमूर गावात नदीच्या अंगाला सी म्बारकचं कॅफे आहे. इथं बाप्याला मानानं 'सी' म्हणतात, बाईला 'लल्ला'. डाळिंबं बाजारात आली की तिथं इवल्याशा गोष्टींची शर्यत लागते. कागद नाही, पेन नाही. म्बारक किटली डोक्याएवढी उंच नेतो, पुदिन्याच्या चहाची धार ग्लासात सोडतो, वर फेस चढतो. तो फेस बसायच्या आत गोष्ट संपली पाहिजे. संपल्यावर कुणी 'मग?' विचारलं आणि दुसऱ्यानं तो 'मग?' उचलला, तर गोष्ट अर्धवट. सांगणारा बाद. एकट्याचा 'मग' धरत नाहीत, कारण खोडसाळ माणसं सगळीकडेच असतात. जिंकेल त्याला वर्षभर खिडकीतलं टेबल.

तूरियाला ते टेबल पाहिजे होतं.

तिचा नवरा लहसन त्याच टेबलाशी, जिंकेल त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून म्हातारा झाला आणि मागल्या थंडीत गेला. तिथनं त्याला असं काय दिसत होतं की घराची आठवण होऊ नये? हे एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. पण कॅफेत बायका बसत नाहीत. आता, विचारून बसायचं तर ती विचारणाऱ्यातली नव्हे. लग्नघरी शंभर माणसांचा कुसकुस शिजवणारी बाई ती, परवानगी कसली मागते! जिंकायचं आणि बसायचं.

शर्यतीच्या दिवशी दुपारची नमाज झाली तशी ती सरळ आत शिरली. पत्ते थांबले. दोघांनी सिगारेटी विझवल्या, मग कशाला विझवल्या म्हणून एकमेकांकडे बघत बसले.

खिडकीत सी बूशैब होता. पोस्टातून निवृत्त झालेला, तीन वर्षं टेबल त्याच्याकडं. त्या दिवशीही त्याचीच गोष्ट वरचढ ठरली होती. तो हसला.

"या, लल्ला तूरिया! भांडी इकडं नाहीत, मागच्या अंगाला आहेत."

"भांडी घासायला तुम्ही आहात की, सी बूशैब. मी गोष्ट सांगायला आलेय."

कॅफे खदखदलं. बूशैब म्बारकला म्हणाला, "अरे, किटली माळ्यावर चढून ओत. या बाईंची गोष्ट आमच्या पुतण्याच्या लग्नात सुरू झाली होती, त्याला आता दोन पोरं झाली, गोष्ट चालूच!"

हे मात्र खरं होतं. तूरियाचं तोंड सुरू झालं की कुसकुस तीनदा वाफवून व्हायचा. पण या खेपेला ती उन्हाळाभर एकाच गोष्टीमागं लागली होती. पीठ चाळावं तशी चाळायची, आणि रोज काहीतरी चाळणीवर राहायचं, ते फेकून द्यायचं.

"म्बारक," ती म्हणाली, "खालून ओत."

"काय?"

"किटली ग्लासाला टेकव आणि ओत."

म्बारकचा चेहरा पडला. खालून ओततात ते नकोशा पाहुण्याला. "लल्ला, असला चहा मी सासऱ्यालासुद्धा दिला नाही. माझा हातच खाली येत नाही."

"येईल. आण."

त्यानं मान फिरवून ओतला, जणू कुणी बघत नाही. फेस कसला, काठाशी केसभर पांढरी रेघ. तूरियानं ग्लासाकडं बघितलंही नाही.

"एक माणूस रोज कॅफेत बसायचा. बायको लेकीला धाडायची, बापाला जेवायला बोलाव. तो म्हणायचा, आलोच. तो मेला. चाळिसावा दिवस झाला, तशी बायको येऊन त्याच्या खुर्चीत बसली. लेक आली, म्हणाली, आई, जेवायला चल. आई म्हणाली, आलेच."

रेघ अजून होती.

 कोपऱ्यातला भाजीवाला हसायला लागला आणि मधेच थांबला. त्याला घरून दोनदा निरोप आला होता.

"मग?" बूशैब म्हणाला.

तूरियानं मान ताठ ठेवली. आता दुसऱ्या कुणी तोंड उघडलं की टेबल गेलं. बूशैबनं आपल्या पत्त्याच्या जोडीदारांकडं बघितलं. एकानं टोपी सारखी केली. दुसरा पुदिन्याची पानं मोजायला लागला.

"मग काय झालं पुढं? विचारा की रे!"

"गोष्ट झाली, सी बूशैब," भाजीवाला उठत म्हणाला. "मी घरी चाललो."

म्बारकनं फडकं घेऊन खिडकीतलं टेबल पुसलं. बूशैब उठला. तूरिया बसली, डोईचा रुमाल सारखा केला आणि बाहेर बघितलं.

गढूळ नदी. एक होडी, उलटी टाकलेली. पलीकडं झुडपं. ती बराच वेळ शोधत राहिली.

"एवढंच?" ती स्वतःशी म्हणाली.

म्बारकनं दुसरा चहा आणला, या खेपेला हात उंच नेऊन. तिनं एक घोट घेतला. होडीवर एक बगळा येऊन बसला, उडाला. ऊन पाण्यावरनं सरकत पलीकडं गेलं. तिला उठावंसं वाटेना, आणि का वाटेना तेही कळेना.

बूशैब शेजारी घुटमळत होता. तीन वर्षांची बूड टेकायची सवय.

"लल्ला, एक खुर्ची रिकामी आहे."

"बसा," तूरिया म्हणाली, नदीवरनं नजर न काढता. "पण गप्प बसा."